नगरहून आणलेली लेन्स

बन्सीनं खोलीच्या दाराला आतून कडी घातली, खाटेवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि पिशवीतून एक लोकरीची कानटोपी काढली. कानटोपीत पितळेचं जाडजूड नळकांडं होतं. ते त्यानं दोन्ही हातांनी अलगद बाहेर घेतलं, पुढच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला लागला.

मधल्या दारानं त्याची बायको कलाबाई चहा घेऊन आली.

"कडी कशाला घातली? चोरून आनलंय का?"

"धूळ येती. चहा तिकडं ठिव, हितं सांडशील."

"भिंग हाय व्हय?"

"लेन्स हाय. विलायती. माझ्या बापाच्या वयाची असंल."

"आन् कानटोपी? तीबी विलायतीच का?"

बन्सी काच पुसतच राहिला. नव्या वस्तूच्या नादी लागलेल्या माणसाला थट्टा ऐकू येत नाही, आणि बन्सी तर साठीला टेकला तरी नादिष्टच होता.

नगरला काकासाहेबांचा जुना स्टुडिओ बंद होत होता. मुलांना तिथं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान टाकायचं होतं. लाकडी कॅमेरा केव्हाच वाळवीनं खाल्ला होता, पण त्याच्या तोंडावरची ही लेन्स म्हाताऱ्यानं कपाटात जपून ठेवली होती. बन्सीनं तिच्यासाठी चकरा मारमारून जीव खाल्ला, तेव्हा काकासाहेबांनी शेवटी विचारलं, एवढा कुणाचा फोटो काढायचाय? बन्सीनं सांगितलं. मग म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोक्यावरची कानटोपी काढली, तिच्यात लेन्स गुंडाळली आणि बन्सीच्या पिशवीत ठेवली. किती दिले ते बन्सीनं घरी सांगितलं नाही आणि कलाबाईनंही विचारलं नाही. लग्नघरात नवी भांडणं काढायला तिला सवड नव्हती.

लग्न त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, सम्राटचं होतं. पुणतांब्याची शुभांगी ठरली होती आणि वैशाखात राहुरीच्या समाजमंदिरात लग्न लागायचं होतं. या सगळ्या आनंदात कलाबाईनं एकच पाचर मारून ठेवली होती. लग्नात ती पडेल ते काम करील, पण फोटोत उभी राहणार नाही.

दोन वर्षांपूर्वी थंडीत एका सकाळी ती चूळ भरायला गेली आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळून गेलं. तोंडावरून वारं गेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक दिला, फुगे फुगवायला लावले. बरंचसं परत आलं, थोडं आलं नाही. डावी पापणी खाली राहिली आणि ओठाचा डावा कोपरा उतरला तो उतरलाच. तेव्हापासून बोलताना तिचा हात आपोआप वर जायचा आणि पदराचं टोक डाव्या गालाशी धरायचा. पाहुण्यांसमोर ठीक होतं, पण ती घरातसुद्धा धरायची, बन्सीसमोरसुद्धा. बन्सीला याचं फार वाईट वाटायचं.

त्यात ती काही फोटोला बुजणारी बाई नव्हती. देवळाली प्रवराच्या पेठेतल्या त्यांच्या 'सुजाता फोटो स्टुडिओ'त ती लग्न झाल्यापासून बसत आली होती. काळ्यापांढऱ्या फोटोंच्या काळात बारीक ब्रशनं प्रिंटवरचे ठिपके भरायचं, दाखवायच्या मुलींच्या गालावरचे डाग घालवायचं काम तिचंच. निम्म्या गावाच्या सोयरिकी माझ्या ब्रशानं जमवल्यात, असं ती हसत म्हणायची. रंगीत फोटो आले, मशीनवर छापून यायला लागले आणि ते काम गेलं. नजर मात्र गेली नाही. फोटो हातात धरला की फोकस कुठं बसलाय हे तिला लगेच दिसायचं.

"आख्ख्या राहुरी तालुक्याचं फोटो काढलं मी," बन्सी तिला म्हणाला होता, "आन् पोराच्या लग्नात आईच न्हाई फोटोत? तसं असंल तर मीबी उभा ऱ्हानार न्हाई. घरच्यांचा फोटोच नको."

"नका काढू."

"न्हाईच काढनार."

दोघंही सारखेच हट्टी. सम्राटनं मध्ये पडायचं सोडून दिलं होतं.

बन्सीचा कॅमेरा नवा होता, गेल्याच वर्षी घेतलेला. बटण अर्धं दाबलं की तो आपला आपणच फोकस करायचा, फिल्म आपणच पुढं सरकवायचा. जुन्याला चिकटून बसणारा हा माणूस असला कॅमेरा घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आता त्याच कॅमेऱ्याच्या तोंडावर त्याला ही पितळी म्हातारी बसवायची होती. राहुरीच्या लेथवाल्या भिमाजीनं आधी डोकं खाजवलं आणि मग ॲल्युमिनियमची एक नळी कातून दिली, एका टोकाला कॅमेरा बसेल आणि दुसऱ्या टोकाला लेन्स बसेल अशी. ती लांब झाली. दुसरी आखूड झाली. मग एकदाची जमली.

"नाना, बैलगाडीला इंजिन लावताय का इंजिनाला बैल?" सम्राटनं विचारलं.

"तुझ्या आईला लावतोय," बन्सी म्हणाला आणि स्वतःच हसला.

लेन्स जुन्या वळणाची होती. तिला आपोआप काही कळत नव्हतं. बाजूची पितळी चकती फिरवून, कॅमेऱ्यातून बघत बघत फोकस हातानंच जमवावा लागायचा. शिवाय तिच्यातून फोटो काढायला लांब उभं राहावं लागायचं. स्टुडिओत खुर्ची पार मागच्या भिंतीला लावली तरी पुरेना, म्हणून बन्सी कॅमेरा घेऊन थेट रस्त्यावर उतरला. पहिली बसली शेजारची भाजीवाली गोजरबाई. ती खुर्चीत ताठ, बन्सी गटारीच्या पलीकडे, आणि मधून सायकलवाले घंटी वाजवत चाललेले. उसाच्या ट्रॅक्टरनं तर त्याला कॅमेऱ्यासकट बाजूला व्हायला लावलं. गोजरबाई हसली नाही. फोटो म्हटलं की हसायचं नसतं, असं ती मानायची.

श्रीरामपूरच्या लॅबमधून प्रिंट आला तेव्हा बन्सी खूश झाला.

"बघ, कसा लोन्यावानी आलाय."

गोजरबाईच्या सुरकुत्या खरंच कुठल्या कुठं गेल्या होत्या. गोजरबाई स्वतः तर म्हणाली की ही माझी धाकली भईन दिसती. कलाबाईनं फोटो खिडकीशी नेला. नाक, डोळे, तोंड सगळं मऊ होतं, आणि कानातली फुलं मात्र लखलखीत.

"कानातलं लई झ्याक आलंय," ती म्हणाली.

"तुला खोड काढल्याबिगर ऱ्हावत न्हाई."

तिनं फोटो परत दिला. नव्या हत्याराला हात बसायला वेळ लागतोच, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि बन्सी पाटावर येऊन बसला. जेवायला अजून वेळ होता. म्हणजे काहीतरी काढायचं होतं.

"ऐक," तो म्हणाला. "ही लेन्स कशी हाय, एका टायमाला एकाच जागंवर बघती. जिथं बघती तेवढंच साफ येतं. बाकी समदं धुरावानी इरून जातं."

"बरं."

"तू मान जरा डावीकडं वळवायची. मी तुझ्या उजव्या डोळ्यावर लावतो. डावी बाजू दिसनारच न्हाई."

कलाबाईनं भाकरी उलटली. "म्हंजी माझं निम्मं तोंड धुरात घालायचं."

"तसं न्हाई गं."

"मंग कसं?"

बन्सीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाला, "मला न्हाई काही. मला तू हाय तशी बरी. पर तू दोन वर्सं झाली, माझ्याकडं तोंड करून बोलली न्हाईस. तुला एकदा दावायचंय की तू चांगली दिसती."

तवा तापला होता. तिनं तो खाली उतरवला, उगाचच.

"एक फोटो," ती शेवटी म्हणाली. "कुनी नसताना. माझी डावी बाजू त्यात दिसली न्हाई, तर मी लग्नात उभी ऱ्हाईन. आन् दिसली तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. तुमी गुमान उभं ऱ्हायचं पोराच्या शेजारी. एकट्यानं."

"ठरलं."

"मी सांगीन तेच धरायचं. फोटोतलं मला कळतं."

"तुलाच कळतं," बन्सी म्हणाला.

सम्राट कारखान्यावर ड्यूटीला गेल्यावर सकाळच्या उन्हात घरामागच्या अंगणात त्यानं खुर्ची मांडली. पाठीमागं पांढरं धोतर दोरीवर ताणून बांधलं आणि स्वतः पार कुंपणापर्यंत मागं गेला. कलाबाई लुगडं बदलून आली. बसली. पदर गालाशी धरूनच बसली.

"हात खाली," बन्सी म्हणाला.

तिनं हात मांडीवर ठेवला. उघड्या गालाला ऊन लागलं आणि तिला एकदम चारचौघांत उघडं पडल्यासारखं झालं. तिनं मान डावीकडं वळवली. बन्सी कॅमेऱ्यामागं वाकला. त्यानं चकती फिरवली, पुन्हा उलटी फिरवली. मान वर काढली, डोळे चोळले. कॅमेऱ्याची काच पुसली, लेन्सची पुसली, जवळ येऊन तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मागं गेला. इतका वेळ त्यानं कुठल्या नवरीलाही ताटकळवलं नव्हतं. कलाबाईला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. दोन वर्षांत तिच्या तोंडाकडं इतका वेळ कुणी पाहिलंच नव्हतं, आणि पाहू दिलं नव्हतं ते तिनंच.

"हालू नको," बन्सी म्हणाला. फिल्म पुरती संपेपर्यंत तो फोटो काढत राहिला.

श्रीरामपूरहून तो दुपारच्या एसटीनं परत आला आणि चपला न काढताच आत घुसला. पाकीट फोडलेलं होतं.

"बघ," तो म्हणाला. "आता बघ!"

कलाबाईनं पाकीट खिडकीशी नेलं. वरचा फोटो हातात घेतला.

उजवा डोळा, उजवा गाल, कपाळ, सगळं धुरात गेलं होतं. आणि डावी बाजू स्वच्छ आली होती. खाली आलेली पापणी, तिच्या कडेला साचलेलं पाणी, ओठाचा उतरलेला कोपरा, तिथून हनुवटीकडं गेलेली घडी. इतकं स्पष्ट तर तिला आरशातसुद्धा कधी दिसलं नव्हतं. तिनं दुसरा फोटो पाहिला, मग तिसरा. सगळे तसेच.

माझी थट्टा चाललीय का, असं अगदी तोंडावर आलं होतं तिच्या. तिनं वर पाहिलं.

बन्सी समोर उभा होता. बक्षिसाला नाव पुकारलं जाण्याची वाट बघणाऱ्या शाळकरी पोरासारखा. त्यानं तिच्या हातातला एक फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला, मग पुन्हा जवळ आणला.

"डावी बाजू दिसती का? खरं सांग. मी यष्टीत उन्हात धरून बघितला. मला तर न्हाई दिसत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हती.

कलाबाई खाली बसली. हल्ली तो पेपर सम्राटला वाचायला लावायचा, म्हणायचा, तुझा आवाज चांगला हाय. अंधार पडल्यावर सायकल हातात धरून चालत यायचा, म्हणायचा, पाय मोकळं हुत्यात. आणि तो नवा कॅमेरा, आपला आपणच फोकस करणारा. या हट्टी माणसानं तो का घेतला, ते तिला आता कळलं. वर्षभर तो कॅमेराच त्याचे डोळे झाला होता आणि गावात कुणाला पत्ता लागला नव्हता, घरात तिलाही नाही. आणि तिच्यासाठी म्हणून त्यानं ते डोळे बाजूला ठेवून अशी लेन्स लावली होती, जिला त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवाचून काहीच धरता येत नव्हतं.

तिला भीती वाटली, आणि त्या भीतीतच त्याच्याविषयी माया दाटून आली.

"सांग की," बन्सी म्हणाला.

खरं सांगितलं तर ती सुटत होती. ठरलंच होतं तसं. लग्नात कुणासमोर तोंड उघडं करायला नको, जन्मभर भिंतीवर राहील अशा फोटोत उभं राहायला नको. दिसती, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या शब्दानं या माणसाच्या हातातलं काम जाणार होतं, आणि तेही लग्न तोंडावर आलेलं असताना.

"न्हाई दिसत," ती म्हणाली.

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा न्हाई. लई झ्याक आलाय."

"मंग उभी ऱ्हाशील?"

"ठरलंय ना. ऱ्हाईन."

बन्सी मटकन खाटेवर बसला आणि हसला, आणि हसता हसता सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. कलाबाईनं फोटो पाकिटात घातले आणि पेटीत लुगड्यांच्या तळाशी सरकवले.

"कुनाला दावू नका आताच," ती म्हणाली. "आन् लग्न पार पडलं की नगरला जाऊ, डोळ्याच्या डॉक्टरकडं."

"कशाला?"

"माझ्या डाव्या डोळ्यातून पानी येतंय."

बन्सीनं आता कुठं पायातल्या चपला काढल्या.

"जाऊ," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. वंदना झाली, मंगल गाथा झाल्या, पांढऱ्या साडीतल्या शुभांगीवर आणि सम्राटवर फुलं पडली. मग फोटोवाल्या ओमनं घरच्यांना पुढं बोलावलं. राहुरीचा हा ओम बन्सीच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्या शेजारी व्हिडिओवाल्यानं मोठा हॅलोजनचा दिवा उंच धरला होता आणि त्या उजेडात नवरानवरीला घाम फुटला होता.

कलाबाई जाऊन उभी राहिली. एका बाजूला सम्राट, दुसऱ्या बाजूला बन्सी. तिनं दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते. सगळं समाजमंदिर आपल्या डाव्या गालाकडंच बघतंय, असं तिला वाटत होतं. समोर बसलेली तिची जाऊ लंकाबाई शेजारणीच्या कानाशी लागली, तशी ती आपल्याबद्दलच बोलतेय याबद्दल कलाबाईला शंका उरली नाही. पोराच्या लग्नात पळून जावंसं वाटावं, याची तिला लाजही वाटत होती.

"काका, इकडं बघा," ओम म्हणाला.

बन्सीनं मान वळवली, पण भलतीकडंच, खांबाच्या दिशेनं.

"काका, इकडं! आता तुम्हालाच शिकवायचं का मी?"

लोक हसले. बन्सीही हसला. मग ओठ फारसे न हलवता त्यानं हळूच विचारलं, "कले, कॅमेरा कुठं हाय?"

"दिव्याच्या अलीकडं. माझ्या बाजूला."

"दिव्यानं समदं पांढरं पांढरं झालंय. दिसत न्हाई गं."

"मला म्हाइत हाय."

"कवापासून?"

"फोटो आनलं तवापासून."

मागं कुणीतरी पोरांना गप्प करत होतं. शुभांगीच्या डोक्यावरची फुलं तिची बहीण नीट करत होती. बन्सीला सगळं उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तसा तो कलाबाईकडं वळला, इतक्या जवळून की तिचा उघडा चेहरा त्याला नक्की दिसला असणार.

"मंग त्यात डावी बाजू…"

"समदी दिसती," कलाबाई म्हणाली. "आता रडू नका. सरळ बघा."

पण त्याला सरळ कुठं ते कळत नव्हतं. तेव्हा तिनं पोटाशी धरलेला हात सोडवला, त्याच्या हनुवटीला लावला आणि त्याचं तोंड कॅमेऱ्याकडं वळवलं. नीट वळलं की नाही हे बघायला तिला स्वतःलाही कॅमेऱ्याकडं पुरतं तोंड करावं लागलं.

"काकू, हात खाली घ्या," ओम म्हणाला. "फोटोत येतोय. आणि पदर जरा पुढं घेता का, तुम्हाला पाहिजे असेल तर?"

"असू दे रे," कलाबाई म्हणाली. "ह्यांचं तोंड बरूबर आलं का, तेवढं सांग."

"आलंय."

"मंग घे."